मज्जा आळशी नाही : पाठराखीण रेणू आणि थॅलेसेमिया

(संस्थेच्या वार्षिक सभेत खराडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षभरातील कामकाजाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. आज मी एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. रक्तसंक्रमण कक्षात मुलाच्या उशाशी बसलेल्या एका आईने तो मला विचारला होता. ती म्हणाली, "डॉक्टर, दर तीन आठवड्यांनी आम्ही ह्याला रक्त चढवायला आणतो. ह्याच्या अंगात रक्त तयारच होत नाही का?"

हा प्रश्न मला पूर्वीही अनेकांनी विचारला होता आणि मी अनेक वर्षे "नाही हो, तयार होत नाही" असे उत्तर देत आलो होतो. ते सोपे होते, वेळ वाचविणारे होते आणि चुकीचे होते. थॅलेसेमिया झालेल्या मुलाच्या हाडांतील मज्जा रिकामी बसलेली नसते. निरोगी मुलाच्या मज्जेहून ती कितीतरी पट अधिक राबत असते. तिथे पेशी जन्म घेतात, वाढू लागतात आणि रक्तप्रवाहात उतरण्यापूर्वीच बहुसंख्येने मरतात. त्या का मरतात, याचे एक महत्त्वाचे उत्तर २०१४ साली मिळाले. त्या उत्तराचा आपल्या मुलांच्या उपचारांशी आणि आपल्या देणग्यांच्या विनियोगाशी थेट संबंध आहे, म्हणून थोडे शास्त्र सांगण्याची परवानगी घेतो.

आपल्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन तयार होते ते लांबलचक साखळीच्या रूपाने, आणि केवळ साखळी म्हणून ते निरुपयोगी असते. नऊवार लुगडे म्हणजे सरळ कापडाची एक पट्टी. निऱ्या, कासोटा, पदर जागच्या जागी आले की त्याचे वस्त्र होते. प्रथिनाचेही तसेच आहे. योग्य घड्या पडल्या की त्याला आकार येतो आणि आकार आला की ते कामाला लागते. घडी कशी पडावी याची माहिती साखळीच्या क्रमातच असते, हे दाखविणारे ख्रिश्चन अँफिन्सेन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु परीक्षानळीतील निवांतपणा पेशीत नसतो. तिथे विलक्षण दाटी असते. अर्धवट घडी पडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात, पेशीची नासाडी होते.

ही नासाडी टाळण्यासाठी पेशीजवळ काही साहाय्यक रेणू असतात. इंग्रजीत त्यांना 'शॅपरोन' म्हणतात. आपल्याकडे नवी नवरी प्रथम सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण धाडण्याची रीत होती. पाठराखीण संसार करीत नसे. नवरी रुळेपर्यंत सोबत करून ती परत येत असे. या रेणूंचे कामही नेमके तेवढेच असते, म्हणून मी त्यांना पाठराखीण रेणू म्हणतो. त्यांचा पहिला सुगावा अपघाताने लागला. इटलीतील संशोधक फेरुचिओ रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचे तापमान कोणाकडून तरी वाढले. पेशींतील गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे त्यांना दिसले. उष्णतेच्या तडाख्यात पेशी काही विशिष्ट जनुके तातडीने कामास लावते, हे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. पुढे या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांना 'हीट शॉक प्रोटीन' हे नाव पडले. एचएसपी-७० हे त्यांपैकी एक. नावात उष्णता असली तरी ही प्रथिने बारा महिने, तेरा काळ कामावर असतात.

आता रक्ताकडे वळू. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. म्हणजे दोन्ही प्रकारच्या साखळ्या जवळजवळ समसमान तयार व्हायला हव्यात. निरोगी शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात, हे लक्षात घेतले तर हा हिशेब सांभाळणे किती बिकट आहे याची कल्पना येईल. थोडीफार अल्फा साखळी नेहमीच जास्त होते. एकट्या अल्फा साखळीला जोडीदार मिळेपर्यंत सांभाळण्यासाठी एक खास पाठराखीण नेमलेली असते. तिचा शोध २००२ साली लागला.

बीटा थॅलेसेमियात बीटा साखळी बनविण्याच्या जनुकात दोष असतो. ती अत्यल्प बनते किंवा मुळीच बनत नाही. अल्फा मात्र बनतच राहते. जोडीदार नसलेल्या अल्फा साखळ्यांचा ढीग साचतो आणि कितीही पाठराखिणी असल्या तरी अपुऱ्या पडतात. हा ढीग पेशीच्या आवरणास इजा करतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. आम्ही विद्यार्थी असताना एवढेच शिकलो. पण त्याने एक कोडे सुटत नव्हते. या पेशी एका ठरावीक टप्प्यावरच, आणि शिस्तीत आत्मनाश करावा तशा, का मरतात?

याचे उत्तर समजण्यासाठी निरोपाची गोष्ट सांगावी लागेल. शरीराला प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. हा मज्जेला धाडलेला निरोप असतो, 'तांबड्या पेशी वाढवा' असा. निरोप वाढत्या पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतो. पण तो अंमलात यायचा तर पेशीच्या केंद्रकात गाटा-१ नावाचे प्रथिन शाबूत असावे लागते. हे प्रथिन म्हणजे तांबड्या पेशीच्या घडणीचा मुकादम म्हणा ना. हिमोग्लोबिनची जनुके चालू ठेवणे आणि पेशी जगती ठेवणे, दोन्ही कामे त्याच्याकडे. गंमत अशी की पेशी पक्व होत असताना तिच्यात कॅस्पेज-३ नावाची एक कातरी काही काळ उघडते. तांबडी पेशी होताना आतले बरेच सामान काढून टाकावे लागते, त्यासाठी ही कातरी लागतेच. पण तिला आवर घातला नाही तर ती गाटा-१ लाही कापून टाकील.

आवर कोण घालते, ते पॅरिसमधील संशोधकांनी २००७ साली दाखविले. एचएसपी-७० ही पाठराखीण केंद्रकात जाऊन गाटा-१ च्या शेजारी उभी राहते आणि कातरीपासून त्याचे रक्षण करते. एरिथ्रोपोएटिनचा निरोप येत असेल तोवर ती तिथे थांबते. निरोप बंद झाला की ती केंद्रकाबाहेर पडते, गाटा-१ कापले जाते आणि नको असलेली पेशी मरते. म्हणजे जी केवळ घड्या घालणारी मदतनीस वाटत होती, ती प्रत्यक्षात निरोपाच्या वाटेवरची चौकीदार निघाली. मला स्वतःला हा शोध फार मोलाचा वाटतो. निरोप देणारा आणि घेणारा यांचाच विचार करण्याची आम्हा वैद्यकीय मंडळींना सवय. मधल्या माणसाकडे आमचे लक्ष जात नाही.

सात वर्षांनी, २०१४ साली, त्याच शहरातील संशोधकांनी थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या पेशी तपासल्या. त्या पेशींत एचएसपी-७० पुरेशी होती. पण केंद्रकात नव्हती. बाहेर साचलेल्या अल्फा साखळ्यांनी तिला धरून ठेवले होते. बिचारी स्वभावधर्माप्रमाणे त्या अनाथ साखळ्यांना सावरायला गेली आणि तिथेच अडकली. इकडे केंद्रकात गाटा-१ उघडे पडले, कातरीने आपले काम केले आणि पेशी मेली. संशोधकांनी प्रयोगशाळेत या पेशींना केंद्रकातच जाईल अशी बदललेली एचएसपी-७० पुरविली, तसेच वेगळ्या प्रयोगात कातरीला कापता न येणारे गाटा-१ दिले. दोन्ही वेळा पेशींची पक्वता सुधारली. कोडे बऱ्याच अंशी सुटले.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर देता येते. निरोप येतो आहे. किंबहुना दिवसरात्र येतो आहे. मज्जा तो ऐकून पेशी घडवायलाही घेते. पण ऐन वेळी मुकादमाची पाठराखीण दाराबाहेर अडकलेली असते, म्हणून काम तडीस जात नाही. प्राणवायू कमीच राहतो, मूत्रपिंड अधिक मोठ्याने हाक मारते, मज्जा अधिक पेशी घडवायला घेते आणि त्याही मरतात. मज्जेला जागा पुरेना की हाडे आतून पसरतात. कपाळ व गालाची हाडे पुढे येतात, लांब हाडे पातळ होऊन ठिसूळ बनतात, प्लीहा वाढते. एवढेच नव्हे, तर ही राबणारी मज्जा आतड्याला अधिक लोह शोषून घेण्याचा इशारा देणारा आणखी एक निरोप सोडते. त्याचा उलगडाही २०१४ सालीच झाला. त्यामुळे एकही पिशवी रक्त न दिलेल्या मुलाच्या शरीरातसुद्धा लोह साचत जाते.

हे सारे मी आपल्यापुढे का मांडतो? काही कुटुंबे रक्त देण्याची तारीख पुढे ढकलतात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एका दिवसाची मजुरी बुडते, वाघोलीहून किंवा त्याही पलीकडून येण्याचे भाडे पडते, शाळा चुकते. आणि मूल खेळत असते. "अजून चेहरा उतरला नाही, आठवडाभर थांबू या, तेवढेच लोहही कमी जाईल," असा विचार कोणत्याही आईबापाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण रक्त चढविण्याचा उद्देश केवळ फिकटपणा घालविणे हा नसतो. पुरेसे हिमोग्लोबिन असले की मूत्रपिंडाची हाक मंदावते आणि मज्जेचे निष्फळ राबणे थांबते. म्हणून पुढची पिशवी लावण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राखावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र आहे. मूल ६ किंवा ७ ग्रॅमवरही खेळते; परंतु त्या खेळण्याची किंमत त्याची हाडे मोजत असतात. आणि थांबल्याने लोह वाचते, हा हिशेबही आता सांगितलेल्या कारणामुळे पुरता बरोबर ठरत नाही.

लोहाचा प्रश्न मात्र खरा आहे. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीराला दिवसाकाठी एखादा मिलिग्रॅमच बाहेर टाकता येतो. उरलेले यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींत जाऊन बसते. पूर्वी डेसफेरॉक्झामिन हे औषध छोट्या पंपाने रात्रीचे आठ ते बारा तास त्वचेखाली द्यावे लागे. तोंडाने घेण्याचे डेफेरिप्रोन युरोपाआधी आपल्या देशात, १९९० च्या दशकाच्या मध्यास वापरात आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आता दिवसातून एकदा घेण्याचे डेफेरॅसिरॉक्सही आहे. ही औषधे रोज, न चुकता, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. विश्वस्त मंडळास माझी विनंती अशी की नव्या यंत्राच्या खरेदीइतकाच मान या गोळ्यांच्या तरतुदीला मिळावा. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, गोळीवर लावता येत नाही, ही आमची जुनी अडचण आहे. तीच गोष्ट रक्तातील पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या फिल्टरची. तो एकदाच वापरायचा असतो आणि नंतर टाकून द्यायचा असतो. परंतु वारंवार रक्त घेणाऱ्या मुलाला ताप व थंडीच्या त्रासापासून तो बऱ्याच अंशी वाचवतो.

नव्या औषधांविषयी पालक उत्सुकतेने विचारतात. पाठराखीण रेणूला केंद्रकात अडवून ठेवता येईल का, यावर प्रयोग चालू आहेत. पेशीच्या केंद्रकातून प्रथिने बाहेर नेणाऱ्या वाहकाला रोखल्यास एचएसपी-७० आत टिकते, असे २०२० सालच्या एका प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले; ते अद्याप रुग्णांसाठीचे औषध झालेले नाही. लस्पॅटरसेप्ट नावाचे इंजेक्शन वेगळ्या निरोपाच्या वाटेवर काम करून पेशी पक्व होण्यास मदत करते. अमेरिकेत २०१९ साली त्याला प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मान्यता आधारलेली होती, तिच्यात सुमारे एक पंचमांश रुग्णांची रक्ताची गरज किमान एक तृतीयांशाने घटली. उपयोग आहे, चमत्कार नाही. जनुकात दुरुस्ती करणारी पहिली उपचारपद्धती २०२३ साली ब्रिटनमध्ये मान्य झाली. तिची किंमत आज आपल्यापैकी कोणाच्याही आवाक्यात नाही. पूर्ण बरे करणारा आणि आपल्याकडे प्रत्यक्ष होणारा उपचार म्हणजे जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण. एक भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्यासाठी कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ साली सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळण्याची सोय झाली, तिची चौकशी पात्र कुटुंबांनी जरूर करावी.

कर्करोगात या पाठराखिणींची भूमिका अगदी उलटी असते, हे जाता जाता सांगतो. तिथे एचएसपी-९० नावाची पाठराखीण बिघडलेल्या संदेशवाहक प्रथिनांनाच सांभाळून घेते आणि गाठ वाढत राहते. तिला रोखणाऱ्या एका औषधास जपानमध्ये २०२२ साली पोटातील एका विशिष्ट अर्बुदासाठी मान्यता मिळाली. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

खराडीतच हा विषय का, असे कोणी विचारील. १९९७ साली महानगरपालिकेत आलेले हे मुळा-मुठेकाठचे गाव. शेतजमिनींवर संगणक-उद्याने उभी राहिली आणि देशाच्या सर्व प्रांतांतील तरुण मंडळी इथे संसार थाटू लागली. भारतात शंभरांत सुमारे तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत हे प्रमाण अधिक. पिंपरीत आणि उल्हासनगरात फाळणीनंतर मोठी सिंधी वस्ती झाली, त्यामुळे तेथील जाणकार कुटुंबांना हा आजार ठाऊक असतो. अडचण होते ती इतरांची. मराठी कुटुंबांत "आमच्यात असले काही नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. वाहक असतात सर्वच समाजांत. शिवाय विदर्भातून येणाऱ्या कुटुंबांत सिकल पेशीचा दोष आढळतो. एका पालकाकडून सिकलचा आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष आला तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो.

वाहक व्यक्ती आजारी नसते. तिचे हिमोग्लोबिन थोडे कमी, तांबड्या पेशी लहान; एवढ्यावरून अनेक स्त्रियांना वर्षानुवर्षे विनाकारण लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिन ए-टू मोजले की बहुतेकदा उलगडा होतो. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले बाळ निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भाचे निदान करता येते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ पायाभूत काम केले आहे. परंतु गर्भवती पाचव्या महिन्यात प्रथमच दवाखान्यात आली तर हे सारे घाईचे व क्लेशाचे होते. म्हणून पहिल्याच भेटीत तिची तपासणी व्हावी आणि ती वाहक निघाल्यास पतीचीही लगेच व्हावी. पतीला बोलावणे हेच सर्वांत कठीण काम आहे, असे आमच्या परिचारिका भगिनी सांगतात. सासूबाईंनी मनावर घेतले तर ते सोपे होते, असाही त्यांचा अनुभव आहे.

शेवटी रक्तदात्यांविषयी. या परिसरातील कार्यालये आणि गणेशोत्सव मंडळे उदार मनाने शिबिरे घेतात, त्यांचे ऋण मोठे आहे. पण तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ दिवस, विशेष द्रावणात ४२ दिवस टिकतात, त्यापुढे नाही. एकाच आठवड्यात चार शिबिरे झाली आणि पुढे दोन महिने एकही झाले नाही, तर आमच्या मुलांची तारीख चुकते. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात आणि दरवर्षी नेमका तेव्हाच तुटवडा पडतो. शिबिर एखाद्या जयंतीला जोडण्याऐवजी आमच्या वेळापत्रकाला जोडता आले तर ते हवे आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून केवळ ए, बी, ओ जुळून भागत नाही, इतर उपगटही पाहावे लागतात. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बाँबे' रक्तगट शोधला, तेव्हापासून रक्तगटांच्या बारकाव्यांचे महत्त्व आपल्या प्रांताला वेगळे सांगावे लागू नये. नियमित येणारे ठरावीक दाते असतील तर हे जुळविणे फार सोपे जाते.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर दोन नोंदवह्या ठेवल्या आहेत. एक एचपीएलसी तपासणीसाठी आहे. तीत आपल्या घरातील लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची नावे लिहावीत. दुसरी रक्तदानाची आहे. तिचे एप्रिल आणि मे महिन्यांचे रकाने अजून कोरे आहेत.